नव्याण्णव अंडी

नव्याण्णव अंडी चर्चमध्ये जाणार नाहीत, असं थाविनकाकांनी तिसऱ्यांदा सांगितलं. लम्याईने तिसऱ्यांदा मान डोलावली आणि टोपल्या होत्या तिथेच राहू दिल्या, म्हणजे दाराच्या मधोमध. चपला तिने आधीच पायरीखाली काढल्या होत्या. इथे चपला काढायच्या नसतात, हेही काकांनी सांगून झालं होतं. त्यावर ती म्हणाली होती की देव कुणाचाही असो, मळलेले पाय तिचेच आहेत.

चांथाबुरी शहराच्या नदीकाठचं ते जुनं चर्च थाविनकाका चाळीस वर्षं झाडत-पुसत होते. त्यांच्याआधी त्यांचे वडील तेच करत होते. बौद्ध बायका मारियामातेला नवस बोलायला येतात, हे त्यांना नवं नव्हतं. फुलं आणतात, हात जोडतात आणि जातात. उकडलेली अंडी मात्र आजवर कुणी आणली नव्हती.

"मेणबत्ती लावा की, बाई," काका म्हणाले. "मारियामातेला तेवढी पुरते."

"मेणबत्ती बोलले असते तर मेणबत्तीच आणली असती, काका. मी अंडी बोलले होते. तेव्हा त्या नको म्हणाल्या नाहीत."

काका टोपल्यांत डोकावले.

नवस मुलासाठी होता. काल वुतने लष्करभरतीच्या पेटीत हात घालून चिठ्ठी काढली. लाल निघाली की दोन वर्षं लष्करात, काळी निघाली की घरी. नवरा गेल्यापासून लम्याईची दुरियन फळांची बाग एकट्या वुतच्या जिवावर उभी होती. चिठ्ठी काळी निघाली.

पण नवस फेडेपर्यंत सुटका खरी नव्हे. गेल्या वर्षी तिच्या शेजारणीने आठ दिवस आज-उद्या केलं, आणि नवव्या दिवशी तिचा चिठ्ठीतून सुटलेला मुलगा झाडावरून पडून पाय मोडून बसला. आज सकाळी वुतही झाडावर चढला होता. तो खाली उतरायच्या आत अंडी मारियामातेसमोर गेली पाहिजेत, एवढंच लम्याईला कळत होतं.

काकांनी विचारलं, गावच्या विहारात का नाही बोललात? तिथे तर अंडी चालतात.

"तिथं गर्दी फार असते," लम्याई म्हणाली.

गर्दी असते हे खरंच होतं. पण वुत बारा वर्षांचा असताना तिने त्याला त्याच विहारात महिनाभरासाठी श्रामणेर, म्हणजे बालभिक्खू, केलं होतं. चौथ्या दिवशी थोरल्या भंतेंनी त्याला अंगावरच्या चीवरासकट घरी आणून सोडलं. सोबत गळही परत दिला. विहाराच्या तळ्यात आता मासे कमी आहेत, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर तिथल्या बुद्धासमोर मुलाचं नाव काढायला लम्याईची जीभ रेटली नव्हती. इथे वुतला कुणी ओळखत नव्हतं.

काका पायरीवर बसले, तशी तीही बसली. दारातून आतल्या रंगीत खिडक्या दिसत होत्या. तिसऱ्या खिडकीत एक काच तेवढी साधी, पांढरी होती. ती कुणी फोडली, असं तिने सहज विचारलं. नातवाने, गलोलीने, असं काका म्हणाले.

"लहान असेल तेव्हा."

"अठरा वर्षांचा होता."

मग काकांनीच विचारलं, काल भरतीला पोरं किती होती? ऐंशी, ती म्हणाली. आणि लाल किती निघाल्या? एक्केचाळीस. काकांनी नदीकडे पाहिलं. मग उठले आणि एक टोपली त्यांनी स्वतः उचलली.

आत ओळीने बाकं रिकामी होती, पण लम्याई फरशीवरच पाय मागे दुमडून बसली. तिने मारियामातेसमोर अंडी रचली, उदबत्ती लावली आणि ती विझेपर्यंत थांबली. मग तिने वाकून परवानगी मागितली आणि अंडी परत टोपल्यांत भरली. देवाला वास, माणसाला घास, ही तिच्याकडची रीत होती. काकांना ती रीत आवडलेली दिसली. तिने एक अंडं प्रसाद म्हणून त्यांच्या हातावर ठेवलं.

काकांनी ते खाल्लं नाही. हातातल्या हातात फिरवत राहिले.

"उद्या आमच्या भागाची भरती आहे," ते हळूच म्हणाले. "नातवाची चिठ्ठी आहे. तुमच्या गावच्या बुद्धाला किती अंडी बोलावी लागतात?"

लम्याईने टोपली खाली ठेवली. "तिकडं कशाला येता, काका? मारियामाता तुमच्या घरची. तिलाच सांगा की."

थाविनकाकांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा त्या पांढऱ्या काचेकडे.

"ती त्याला लहानपणापासून ओळखते," ते म्हणाले.