विजयाचा चेंडू

आमच्या मिलफर्ड संघाने बेसबॉलचं अजिंक्यपद एकदाच जिंकलं, तेही ऑर्व्हिल टेशच्या शेवटच्या फटक्यावर. स्टेडियमच्या भिंतीवरून थेट बाहेरच्या रस्त्यावर गेलेला तो चेंडू मात्र पुन्हा कुणाला दिसला नाही. यंदा संघाचं संग्रहालय उभं राहिलं, तेव्हा क्लबने आवाहन केलं, चेंडू असेल त्याने घेऊन यावं.

उद्घाटनाच्या दुपारी लोरेटा नावाची एक वयस्क बाई तो घेऊन आली. शिवणीजवळ पंचांनी त्या सामन्यासाठी केलेली खूण पटली आणि सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. म्हाताऱ्या ऑर्व्हिलने चेंडू गालाला लावला.

"अहो बाई, इतकी वर्षं कुठे दडवला होता हा? आणि झेलला कुणी? बोलवा त्या पठ्ठ्याला, मिठीच मारतो!"

टाळ्या थांबेनात, म्हणून लोरेटाला त्याच्या कानाशी जावं लागलं.



"माझ्या थोरल्या भावाने झेलला, आणि चेंडू हातात असतानाच तो ट्रकखाली सापडून गेला. आत तुम्ही सगळे अशाच टाळ्या वाजवत होतात, बाहेर रस्त्यावर मी एकटी ओरडत होते."