हिरवा दिवा

समुद्रातले जीव बघायला आम्ही सहाजण रात्री उथळ पाण्यात उतरलो. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून प्रशिक्षकानं आधीच बजावलं, "जोडीदाराचा दिवा नजरेआड होऊ द्यायचा नाही." बायकोचा दिवा हिरवा होता. मी एका गोगलगायीत रमलो, मान वर केली तर हिरवा दिवा खडकांकडे सुसाट निघालेला. जिवाच्या आकांतानं पाय मारत त्याच्या मागे गेलो. कपारीत एक ऑक्टोपस तो दिवा आठही हातांनी कवटाळून बसला होता. तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर टिचकी मारली. बायको. मी तिला तिथेच मिठी मारली. वर आल्यावर तोंडातली नळी काढताच ती म्हणाली, "त्यानं माझा दिवा पळवला आणि तुम्ही दिव्यामागे धावलात. मी तुमच्या शेजारीच होते." किनाऱ्यापर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता, पण तो थांबूच नये असं मला वाटत होतं.