आधीच का नाही पळाली?

मॅटिनी सुटला तसा सुदर्शननं गाडी जालना रोडला काढली. पिक्चर पुढच्या काळातला होता. शहराभोवती उंच भिंत आणि निसटू बघणाऱ्याला वरून टिपणारी यंत्रं. त्यातली बाई शेवटी लेकराला घेऊन पळाली आणि भिंतीपाशीच मेली.

"येडीच बाई," सुदर्शन म्हणाला. "पळायचंच व्हतं तर आधीच पळायचं. इतके दिवस काय करत बसली?"

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोच्या, तनुजाच्या डोळ्यांसमोरून ती बाई हलत नव्हती. मागच्या सीटवर झोपलेल्या लेकीवरची नजर न काढता ती बोलून गेली, "लेकरू घेऊन एकदम निघता येत नाय हो. आधी त्याचा जन्माचा दाखला, दोन-चार कपडे, असं थोडं थोडं करून बाहेर कुणाकडं तरी ठेवावं लागतं. घरात कुणी नसंल अशी वेळ बघावी लागती."

सेव्हन हिल्सचा पूल उतरल्यावर सुदर्शननं अगदी शांतपणे विचारलं, "पिक्चरमधी दाखला कुठं व्हता?"

लेकीचा दाखला तनुजानं सोयगावला, थोरल्या बहिणीकडं, शीलाताईकडं पाठवून आठवडा झाला होता.

"असंच... मनानं म्हणले," ती कशीबशी म्हणाली.

सुदर्शन हसला. घराकडं वळायचा चौक आला, पण त्यानं गाडी वळवली नाही. डाव्या हातानं त्यानं एक बटण दाबलं आणि चारही दारं एकदम खटकन लॉक झाली.