सर्वपित्रीचे घास

“दाजी, बॉम्ब!” पंगतीखाली अंथरायला आणलेल्या रद्दीतलं एक जुनं मासिक नाचवत आत्मारामचा मेहुणा शैलेंद्र ओरडला. “हा बघा फोटो. बैरूत, ब्याऐंशी साल. आर्मेनियन अतिरेकी! आणि हा मधला, बंदूकवाला, आपला हाकोब!”

त्र्याण्णवची सर्वपित्री नेमकी शुक्रवारी, सुट्टीला आली होती. दुबईतल्या अल कुसैसच्या त्या फ्लॅटात एवढा जोश दिवाळीलाही कधी आला नव्हता. शेजारच्या कुंदाताई हातातल्या पळीसकट धावत आल्या. बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत एका बंदुकीच्या सात तोफा झाल्या होत्या, आणि तळमजल्यावर एक पाणबुडी.

हाकोब पानासमोर मांडी घालून बसला होता. आत्मारामच्या वर्कशॉपातला हा फोरमन. दहा वर्षं मराठी मिस्त्र्यांत काढल्यामुळे त्याचं मराठी बरं होतं आणि शिव्या अस्सल सातारी.

“खरं आहे?” आत्मारामने विचारलं. “खरं असेल तर पानावरून ऊठ. पोलिसांना कळलं तर माझं लायसन्स खलास.”

“खरं आहे, साहेब.” हाकोब उठला. “एकोणीसशे पंधरा साली तुर्कांनी आमची गावंच्या गावं कापली. जग मानेना. आम्हाला वाटलं, बॉम्ब फुटला की लोक विचारतील, का फोडला? एक फुटला. विमानतळावरचा हमाल मेला. तीन मुलींचा बाप. पेपरवाल्यांनी बॉम्बचं वजन छापलं. आमच्या गावाचं नाव कुणी विचारलं नाही. मी पळालो.”

तो दाराशी जाऊन चपला शोधू लागला.

“थांबा हो,” आत्मारामची बायको सविता म्हणाली. “ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांचाच आजचा दिवस. तुमच्या माणसांची तिथी माहीत आहे?”

“नाही, भाभी.”

“आणि नावं?”

हाकोब वळला. “आजीने पाठ करून घेतलीत.”

“मग बसा. एका नावाचा एक घास. बाजूला काढायचा.”

आत्मारामने तोंड उघडलं. सविताने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने ते मिटलं.

“पहिला हमालाचा,” हाकोब म्हणाला. “त्याचं नाव यूसुफ.” मग गारेगिन. सिरानुश. नाझेली. नुसते मिह्रानच चार. हाकोबचा आवाज चढत गेला, गाल लाल झाले. शैलेंद्र मासिक टाकून भाताचे घास वळायला बसला. कुंदाताईही बसल्या. घासांची रांग पाटापासून निघाली, सोफ्याला वळसा घालून टीव्हीवर चढली आणि तिकडून उतरून बाल्कनीत गेली. खोटं वाटत असेल तर कुंदाताईंना विचारा.

भात संपला. हाकोब थांबला.

“झाली नावं?” आत्मारामने विचारलं.

“आमची गल्ली झाली, साहेब. गाव राहिलंय.”

आत्माराम उठला आणि स्वयंपाकघरात गेला. भांडी आपटल्याचे आवाज आले. मग तो दारात येऊन उभा राहिला. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती.

“सविता,” तो म्हणाला, “तांदळाचा डबा कुठे असतो गं?”