डोनर गाडी

चंद्रहास गॅरेजमध्ये स्पोर्ट्स कार बांधायला बसला होता. सांगाडा किटमध्ये आला होता. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा एखाद्या जुन्या गाडीतून, म्हणजे 'डोनर'मधून, काढून बसवायच्या होत्या. पण अख्ख्या न्यूझीलंडच्या भंगारातलं एक इंजिन स्वारीच्या पसंतीला उतरेल तर शपथ!

सुचित्रा महिनाभर पुण्याला आईकडे राहून अप्पर हट गावातल्या घरी परतली, तर दारात तिची लाल गाडी नव्हती. ती गाडी घेतल्यापासून तिने नवऱ्याला "जरा सोडतोस का?" असं कधी विचारलं नव्हतं. आता गॅरेजमध्ये त्या गाडीचं नुसतं खोकं उरलं होतं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा!" चंद्रहास खुशीत होता. "इतकं जपून वापरलेलं इंजिन मला कुठे मिळणार होतं?"

"आणि मी कामावर कशी जाऊ?"

"मी आहे ना! म्हणशील तिथे नेईन." त्याने नव्या गाडीवरचं कापड ओढलं. "रुसू नकोस. बघ, तुझी सीटसुद्धा टाकून दिली नाही."

सीट खरंच तिचीच होती, तिने शिवलेल्या खणाच्या कव्हरासकट. स्टिअरिंग उजवीकडे होतं. सीट त्याने डावीकडे बसवली होती.