राजे पोहोचेपर्यंत

नाताळच्या जेवणात धाकटी जाऊ भर पाहुण्यांत म्हणाली, "केक ताईंनी केलाय. दात सांभाळून खा हं." पाहुणे खो-खो हसले. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड उघडायची सोय नव्हती. सासूबाईंचा नियमच होता: तीन राजे बाराव्या दिवशी बाळ येशूपाशी पोहोचतात, तोवर या घरात भांडण नाही. मातीचे ते राजे उंटांसकट दारापाशी मांडलेले असत. थोरली रोज त्यांना कोपऱ्यातल्या गव्हाणीकडे वीतभर सरकवायची आणि सरकवता सरकवता धाकटीला सुनवायची वाक्यं मनात घासूनपुसून ठेवायची.

यंदा मात्र राजे भलतेच घाईत होते. रात्री खुर्चीपाशी सोडावेत, तर सकाळी कपाटापाशी! हे उद्योग धाकटीचेच, थोरलीला खात्री होती. बाईचं बोलून पोट भरलं नाही वाटतं अजून! तिला रंगेहाथ पकडायला म्हणून एके दिवशी ती पहाटेच उठली आणि पाऊल न वाजवता बाहेरच्या खोलीत आली.

तिथे गव्हाणीसमोर सासूबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. प्रार्थना चाललीय असं वाटून थोरली मागे फिरणार, तोच तिला दिसलं, त्या शेवटचा उंट गव्हाणीत कोंबत होत्या.

"आई! अजून दिवस बाकी आहेत ना?"

"राजे पोहोचले," बाह्या सरसावत सासूबाई उठल्या. "धाकटीला उठव. आणि दोघी माझ्यासमोर उभ्या राहा."