निळा ठिपका

जनाक्काच्या कॅनच्या झाकणाआतला सोन्याच्या सूक्ष्म कणांचा लाल ठिपका पुन्हा निळा पडला. लाल राहिला तर दूध चोख, निळा पडला तर युरियाची भेसळ. गावाने आता माणसाला विचारणंच सोडलं होतं. संकलन केंद्राच्या सचिवाने चौथ्यांदा तिचं दूध गटारात ओतलं.

तो रंग बनवणारी डॉ. वैदेही पाहणीला आली होती. जनाक्का घामेजल्या पदराने झाकण आतून पुसताना तिला दिसली.

"असं रोज पुसता?"

"दूध भरायच्या आधी पुसावंच लागतं की."

वैदेहीने पिशवीतून एक नवं झाकण काढलं. तिने कोऱ्या ठिपक्यावर स्वतःचा घामट अंगठा दाबला. थोड्या वेळाने तोही निळा झाला. सोन्याच्या कणांवर लेप नीट बसायला रात्र लागते. तिने दोन तासांत उरकलं होतं. उघड्या राहिलेल्या कणांना निळं पडायला घामातलं मीठही पुरतं.

"आक्का, दूध चोख आहे. चूक माझी," ती मान खाली घालून म्हणाली.

जनाक्काने कॅनची कडी सोडली.

"युरिया घालते म्हणून मी सुनेला माहेरी धाडलं," ती म्हणाली. "पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेत होती. मी तिला ठिपका दाखवला."